नोट्सचं ॲप निवडताना आधी बाहेर पडायची वाट तपासा

डेटा अडकणं म्हणजे काय, हे मराठीत टायपिंग करणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये वर्षानुवर्षं टाइप केलेल्या फाइली आजही कित्येक घरांत, कार्यालयांत आणि छापखान्यांत पडून आहेत. फाइल उघडते, पण तो फॉन्ट संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. कारण त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच. होते ते रोमन अक्षरांचे क्रमांक, आणि त्यांना मराठी रूप देण्याचं काम फॉन्ट करत होता. फॉन्ट गेला की मराठीही गेलं.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळल्यावर ती डोकेदुखी बरीच कमी झाली. आता त्याच जातीची दुसरी डोकेदुखी आहे. मजकूर युनिकोडमध्येच असतो, पण तो एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिच्या स्वतःच्या रचनेत बंद असतो. कंपनी विकली जाते, धोरण बदलतं, ॲपच बंद होतं. गूगल नोटबुक २००६ मध्ये आलं आणि २०१२ मध्ये बंद झालं. एव्हरनोट हे नोट्सचं ॲप २०२३ च्या सुरुवातीला बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात फुकट खात्याला ५० नोट्स आणि एक वही अशी मर्यादा लागली. जुन्या नोट्स कोणी काढून घेतल्या नाहीत, त्या बघता येत होत्या, बाहेरही नेता येत होत्या. पण ५० च्या वर असलेल्याला नवी नोट लिहिता येईना. स्किफ नावाचं, खाजगीपणासाठी नावाजलेलं ॲप फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन या दुसऱ्या नोट्स-ॲपच्या कंपनीने घेतलं आणि वापरणाऱ्यांना सामान हलवायला सहा महिने दिले.

यात कोणी फसवलं असं मी म्हणत नाही. धंदा म्हटला की हे होणारच. म्हणून ॲप निवडताना मी एकच गोष्ट सगळ्यात आधी बघतो: यातून माझ्या नोट्स बाहेर कशा निघतात, आणि निघाल्यावर त्या दुसरीकडे वाचता येतात का. रंगसंगती, विजेट, एआय वगैरे नंतर. यूट्यूबवरचे बहुतेक तुलना-व्हिडिओ नेमके उलट्या क्रमाने जातात.

पायरी १ : आधी आहे तो पसारा बघा

नवं ॲप उतरवण्याआधी, सध्या तुमच्या नोट्स कुठे कुठे आहेत याची यादी कागदावर करा. बहुतेकांची यादी अशीच असते: गूगल कीप, फोनसोबत आलेलं नोट्सचं ॲप, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज, जीमेलचे ड्राफ्ट, दोन-चार गूगल डॉक्स आणि एखादी जुनी वर्डची फाइल.

मग त्यांचे तीन गट पाडा. पहिला, आठवड्याभरात शिळ्या होणाऱ्या नोट्स: वाणसामान, आजची कामं, कुणाचा तरी ओटीपीसारखा आकडा. यांच्यासाठी कुठलंही ॲप चालेल, हा लेख त्यांच्यासाठी नाही. दुसरा, वर्षानुवर्षं लागणाऱ्या: घरातल्यांची औषधं आणि तपासण्यांच्या तारखा, सोसायटीच्या सभेत काय ठरलं, जमिनीच्या गट क्रमांकाच्या नोंदी, आजीने सांगितलेली पुरणाची मापं, अभ्यासाची टिपणं, अर्धवट कविता. सगळा खटाटोप या गटासाठी करायचा. तिसरा गट म्हणजे पासवर्ड, पिन, आधारचे फोटो. हे नोट्समध्ये ठेवूच नका. त्यासाठी बिटवॉर्डन किंवा कीपास ही वेगळी साधनं आहेत.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे खरी वही तीच झाली आहे. स्वतःलाच मेसेज करण्याची सोय २०२२ च्या अखेरीस आली आणि लोकांनी ती उचलून धरली. पण त्याचा गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप फक्त व्हॉट्सॲपलाच वाचता येतो. तुम्ही तो उघडून एक ओळही बघू शकत नाही. बाहेर काढायचं तर त्या चॅटमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट चॅट' करावं लागतं. त्यातून साधी मजकुराची फाइल मिळते, प्रत्येक ओळीआधी तारीख-वेळ. चॅट फार मोठी असेल तर फक्त अलीकडचे ठरावीक मेसेज येतात. पटकन टिपून ठेवायला व्हॉट्सॲप उत्तम आहे, पण तिथून आठवड्यातून एकदा कामाचं ते उचलून दुसरीकडे नेण्याची सवय लावावी.

पायरी २ : 'एक्स्पोर्ट' म्हणजे नेमकं काय मिळतं ते विचारा

एक्स्पोर्टचं बटण जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये असतं. ते दाबल्यावर हातात काय पडतं, यावर सगळं अवलंबून आहे.

पीडीएफ मिळत असेल तर मराठीसाठी ते एक्स्पोर्ट धरू नका. पीडीएफ ही छापायची वस्तू आहे. तिच्यात अक्षरं कशी दिसावीत ते साठवलेलं असतं, मजकूर काय आहे ते बऱ्याचदा धड नसतं. ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी काढतो पण संगणकात ती व्यंजनानंतर साठवली जाते. जोडाक्षर दिसतं एक आणि आत असतात तीन संकेत, म्हणजे युनिकोडचे क्रमांक. या गुंत्यामुळे मराठी पीडीएफमधून कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की काना-मात्रा विस्कटतात, वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. ज्यांनी एखाद्या सरकारी निर्णयातला परिच्छेद कॉपी करून पाहिला आहे त्यांना हे माहीत आहे. इंग्रजी नोट्स पीडीएफमधून निदान शोधता येतात, मराठीची तीही खात्री नाही.

एचटीएमएल मिळालं तर बरं. ब्राउझरमध्ये उघडतं, मजकूर शाबूत असतो. जेसन किंवा एक्सएमएल मिळालं तर माणसाला वाचायला कंटाळवाणं, पण दुसऱ्या ॲपला आत घ्यायला सोयीचं. एव्हरनोटची एनेक्स फाइल याच प्रकारची.

आणि साधा मजकूर किंवा मार्कडाउन, म्हणजे साध्याच खुणांनी शीर्षक-याद्या दाखवणारा मजकूर, मिळत असेल तर उत्तम. मार्कडाउन हा प्रकार जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मांडला, ॲरन स्वॉर्ट्झ यांच्या मदतीने. त्यात गूढ काही नाही. साध्या नोटपॅडमध्ये उघडलेली मार्कडाउन फाइल अशी दिसते:

# बाबांच्या तपासण्या
- **साखर** उपाशीपोटी, दर तीन महिन्यांनी
- [ ] डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेणे
- [[औषधांची यादी]]

पहिल्या ओळीतली खूण म्हणजे शीर्षक, दोन-दोन तारे म्हणजे ठळक, चौकटी कंस म्हणजे करायचं काम. शेवटच्या ओळीतले दुहेरी कंस म्हणजे दुसऱ्या नोटचा दुवा. हे मूळ मार्कडाउनमध्ये नाही, ऑब्सिडियनसारख्या ॲप्सनी रूढ केलं. पण समजा उद्या एकही मार्कडाउन ॲप उरलं नाही, तरी ही नोट कुणालाही वाचता येईल. हेच या प्रकाराचं सगळं मोल.

पायरी ३ : कसोटीच्या नोट्स बनवा

हा भाग वगळू नका. ज्या ॲपचा विचार करता आहात त्यात आपल्या सगळ्या नोट्स टाकण्याआधी आठ-दहा मुद्दाम बनवलेल्या नोट्स टाका, त्या लगेच एक्स्पोर्ट करा आणि त्या फाइली संगणकावर दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

कसोटीच्या नोट्समध्ये हे हवं: एक फोटो असलेली नोट, एक पीडीएफ जोडलेली, एक टिकमार्कची यादी ज्यात मुख्य कामाखाली उपकामं आहेत, एक तक्ता, एक आवाजाची नोंद, एकमेकींना दुवा असलेल्या दोन नोट्स, एक मराठी टॅग लावलेली, एक कुलूप लावलेली आणि शक्य असेल तर एक जुनी नोट, जिची तारीख टिकते का ते बघायचं.

आता खास मराठी कसोट्या. इंग्रजी मार्गदर्शकांत या तुम्हाला सापडणार नाहीत.

एका नोटमध्ये 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द लिहा. हा जो चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: एकात खालच्या टिंबाचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. फोनच्या कीबोर्डने एक प्रकार दिला आणि संगणकाच्या कीबोर्डने दुसरा, तर 'दऱ्या' शोधल्यावर निम्म्या नोट्स सापडतात आणि निम्म्या नाहीत. 'ॲ'चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं; त्याआधीचा आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी चालणारा प्रकार म्हणजे 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र. तेव्हा फोनवर लिहिलेला 'ॲसिडिटी' हा शब्द संगणकावर टाइप करून शोधा. सापडला तर छानच. नाही सापडला तर तेवढ्यावरून ॲप टाकून देऊ नका, कारण बहुतेक ॲप्स इथे अडखळतात. पण फोन आणि संगणक दोन्हीकडे एकाच पद्धतीचा कीबोर्ड ठेवा.

दुसरी कसोटी लांब शीर्षकाची. ज्या ॲप्समध्ये नोट म्हणजे एक फाइल, तिथे शीर्षक हेच फाइलचं नाव होतं. अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन. काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात: 'मार्गदर्शक' दिसायला आटोपशीर, पण त्यात १० संकेत म्हणजे ३० बाइट. थोडक्यात देवनागरीत सगळे मिळून सुमारे ८५ संकेत, त्यातही शेवटच्या डॉट एमडीचे तीन बाइट गेले. विंडोजचं मोजमाप वेगळं असल्याने तिथे हे नाव बिनबोभाट चालतं, आणि फोनवर सिंक होताना मात्र तीच एक नोट गुपचूप मागे राहते. 'सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीबद्दल झालेली सविस्तर चर्चा आणि ठरलेला एकूण खर्च' असं एक शीर्षक देऊन बघा, कळेल. शीर्षक आटोपशीर ठेवा, तपशील आत लिहा.

तिसरी, तक्ता. नोशनसारखं ॲप तक्ते सीएसव्ही फाइलमध्ये देतं. ती एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडली तर मराठीची जागा विचित्र चिन्हांनी घेतलेली दिसण्याची शक्यता असते. घाबरू नका आणि मुख्य म्हणजे ती तशीच सेव्ह करू नका. एक्सेलमध्ये कोरी फाइल उघडून 'डेटा' टॅबमधून मजकूर किंवा सीएसव्ही आत घेण्याचा पर्याय निवडा आणि एन्कोडिंगला ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ द्या. मराठी जागच्या जागी येतं. अशीच काळजी जुन्या विंडोजवरच्या नोटपॅडची: तिथे 'एएनएसआय' म्हणून सेव्ह केलं की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोज १० चं नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ वापरतं.

फाइली तपासून झाल्या की प्रत्येक नोटपुढे टिक किंवा फुली करा. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आला तरी चालेल, नोटमध्ये त्याचा पत्ता हवा. कुलूपबंद नोट बाहेर आली नसेल तर ते लक्षात ठेवा: निघण्याआधी कुलपं काढावी लागतील.

पायरी ४ : कोणतं ॲप कुणाला

गूगल कीप आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये असतंच, आणि झटपट नोंदीसाठी मला ते आवडतं. त्यात स्वतःचं एक्स्पोर्ट बटण नाही. गूगल टेकआउट या, गूगलमधला आपला डेटा उतरवून घेण्याच्या सोयीतून नोट्स निघतात, प्रत्येक नोट एचटीएमएल आणि जेसन अशा दोन रूपांत. मात्र रिमाइंडर त्यात येत नाहीत, आणि यादीतली उपकामं मुख्य कामांच्या ओळीत सपाट होतात. कसोटीतली उपकामांची यादी मी सुचवली ती यासाठीच.

ॲपलच्या नोट्समधून फार काळ एकेक नोट पीडीएफ करण्यापलीकडे फारसं काही मिळत नव्हतं. २०२५ च्या आयओएस २६ आणि मॅकओएस २६ पासून मार्कडाउनमध्ये एक्स्पोर्ट करता येतं. घरात सगळे आयफोनवाले असतील तर आता तिथे राहायला माझी फार हरकत नाही.

मायक्रोसॉफ्टचं वननोट शिक्षक आणि विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे. पानावर कुठेही लिहा, चित्र काढा, बाजूला फोटो चिकटवा. पण हाच मोकळेपणा बाहेर पडताना नडतो, कारण पानभर विखुरलेल्या चौकटींना साध्या मजकुरात जागा नसते. विंडोजवरच्या पूर्ण आवृत्तीतून वर्ड आणि पीडीएफ मिळतं. मॅकवर त्याहून कमी. हाताने लिहिलेलं जास्त असेल तर सॅमसंग नोट्सबद्दलही हेच: स्टायलसच्या रेघा दुसऱ्या ॲपमध्ये चित्र म्हणूनच जाणार. हे मान्य असेल तर खुशाल वापरा.

नोशन देखणं आहे, चार जणांनी मिळून काम करायला सोयीचं आहे. एक्स्पोर्टमध्ये मार्कडाउन आणि सीएसव्ही देतं, म्हणजे कागदोपत्री चांगलं. प्रत्यक्षात प्रत्येक फाइलच्या नावाला ३२ अक्षरी ओळखक्रमांक चिकटलेला असतो, पानात पान असल्याने फोल्डरात फोल्डर तयार होतात आणि विंडोजची २६० अक्षरांच्या पत्त्याची जुनी मर्यादा ओलांडली की झिप उघडताना चुका येतात. ती झिप सी ड्राइव्हवर एका छोट्या नावाच्या फोल्डरात, सेव्हन-झिप या प्रोग्रामने उघडा. तक्त्यांमधले परस्पर संबंध आणि सूत्रं मात्र मागेच राहतात. ज्यांचं सगळं काम नोशनच्या डेटाबेसवर उभं आहे, त्यांनी हे समजून उमजून राहावं.

जॉपलिन मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा नेक्स्टक्लाउडवरून सिंक होतं आणि हवं तर सगळं एनक्रिप्ट करतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करतं. एव्हरनोटची फाइल थेट आत घेतं. एक गैरसमज मात्र सर्रास दिसतो: नोट्स मार्कडाउनमध्ये असल्या तरी जॉपलिन त्या एका डेटाबेसमध्ये ठेवतं, आणि ड्रॉपबॉक्समध्ये दिसणाऱ्या फाइलींची नावं निव्वळ आकडे-अक्षरं असतात. तेव्हा इथेही अधूनमधून मार्कडाउन एक्स्पोर्ट करावाच लागतो.

स्टँडर्ड नोट्स २०२४ पासून, गुप्त ईमेलसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रोटॉन कंपनीसोबत आहे. गुप्ततेला सर्वांत वर मानणाऱ्यांसाठी चांगलं. फक्त बॅकअप घेताना उलगडलेला, म्हणजे एनक्रिप्ट न केलेला पर्याय निवडा, नाहीतर तो बॅकअप वाचायला पुन्हा तेच ॲप लागेल.

माझं स्वतःचं मत ऑब्सिडियनच्या बाजूने आहे. ते मुक्त स्रोत नाही, पण तुमच्या फोल्डरमधल्या साध्या मार्कडाउन फाइलींवर चालतं. वेगळा एक्स्पोर्ट करायचीच गरज नाही. फोल्डर उचललं की नोट्स उचलल्या. २०२५ पासून व्यावसायिक कामासाठीही फुकट आहे, पैसे फक्त त्यांच्या सिंकसारख्या सेवांचे. उणीव अशी की सुरुवातीला कोरा पडदा बघून माणूस बावचळतो, आणि मग प्लगइनच्या, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सोयींच्या, नादी लागतो. प्लगइनने बनवलेले आपोआप भरणारे तक्ते वगैरे बाहेर साध्या मजकुरात फक्त सूचनांची ओळ म्हणून दिसतात. जितकी प्लगइन कमी, तितकं निघणं सोपं. वयस्कर आई-वडिलांना मात्र मी ऑब्सिडियन देणार नाही. त्यांना कीपच द्या आणि टेकआउटची जबाबदारी आपण घ्या.

पायरी ५ : प्रत्यक्ष हलवणं, कीपमधून ऑब्सिडियनमध्ये

१. कीपमध्ये आधी झाडलोट करा. दोन वर्षांपूर्वीच्या भाजीच्या याद्या नव्या घरात कशाला न्यायच्या? महत्त्वाचे रिमाइंडर कॅलेंडरमध्ये टाका.

२. ब्राउझरमध्ये गूगल टेकआउट उघडा. सगळ्यांपुढच्या टिक एकदम काढा, फक्त कीपला टिक करा. पुढच्या पानावर झिप निवडा आणि एक्स्पोर्ट बनवा. काही वेळाने जीमेलवर दुवा येतो. तो कायम राहत नाही, साधारण आठवड्याभरात उतरवून घ्या.

३. ती झिप फाइल तशीच्या तशी एका पेनड्राइव्हवर ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी मूळ हातात राहील.

४. संगणकावर ऑब्सिडियनमध्ये नवं व्हॉल्ट, म्हणजे एक फोल्डर, तयार करा. सेटिंगमध्ये कम्युनिटी प्लगइन चालू करून 'इम्पोर्टर' शोधा आणि बसवा. हे ऑब्सिडियनच्याच लोकांचं आहे. त्यात गूगल कीप निवडा आणि झिप दाखवा. एव्हरनोट, वननोट, नोशनसाठीही हेच इम्पोर्टर चालतं. मॅक असेल तर ॲपलच्या नोट्सही थेट आत येतात.

५. आता पडताळणी. दहा-बारा नोट्स निवडून कीप आणि ऑब्सिडियन शेजारी-शेजारी उघडा. फोटो आले का, टिकमार्क टिकले का, लेबलं टॅग झाली का, सपाट झालेल्या याद्या कोणत्या. यात निवड करताना सगळ्यात जुनी, सगळ्यात लांब आणि सगळ्यात जास्त फोटोंची नोट हमखास घ्या.

जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाइली असतील तर त्या याच वेळी उरका. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण फॉन्ट कोणता होता ते नक्की कळायला हवं, कारण प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. बदलल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'क्ष', 'ज्ञ' असलेले शब्द डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच होतात. मूळ फाइल फेकू नका.

पायरी ६ : घडी नीट बसवा, पण फार नको

फोल्डर मोजकी ठेवा. घर, आरोग्य, काम, लेखन एवढ्यात बहुतेकांचं भागतं. तारखेच्या नोट्सचं नाव वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने द्या, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. फाइलच्या नावात आकडे एकाच लिपीतले वापरा. मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळले तर क्रम दोन तुकड्यांत तुटतो. फाइलच्या नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके टाळा, विंडोजला ते चालत नाहीत. फोटो आणि पीडीएफ नोट्सच्याच मुख्य फोल्डरात एका उपफोल्डरात असू द्या, म्हणजे उचलताना मागे राहणार नाहीत.

नोट तयार केल्याची तारीख महत्त्वाची असेल तर ती नोटच्या आत पहिल्या ओळीत लिहा. फाइलवरची तारीख कॉपी करताना, झिप उघडताना कधी बदलेल याचा नेम नाही.

पायरी ७ : सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सिंकमध्ये तुम्ही फोनवर नोट पुसली की ती संगणकावरूनही पुसली जाते. बॅकअप म्हणजे अशी प्रत, जिच्यापर्यंत तुमची आजची चूक पोचत नाही. म्हणून ठरावीक वेळाने सगळं फोल्डर झिप करून, नावात तारीख घालून, पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका. दिवाळीच्या साफसफाईला आणि मार्चअखेरीला, असं ठरवलं तरी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. कीप वापरणाऱ्यांसाठी टेकआउटमध्ये एक सोय आहे: दर दोन महिन्यांनी, वर्षभर, आपोआप एक्स्पोर्ट. ती एकदा लावून ठेवा.

गूगल ड्राइव्ह संगणकावर वापरत असाल तर दोन गोष्टी बघा. 'स्ट्रीम' या पद्धतीत फाइली खऱ्या तुमच्या डिस्कवर नसतात, मागितल्यावर येतात. नोट्सच्या फोल्डरासाठी 'मिरर' पद्धत निवडा. दुसरी जास्त धोक्याची: ड्राइव्हच्या फोल्डरात दिसणारी गूगल डॉकची फाइल म्हणजे फक्त इंटरनेटवरच्या डॉकचा पत्ता असतो. ती पेनड्राइव्हवर कॉपी केली तर मजकुराचा एक शब्दही कॉपी होत नाही. डॉक उघडून ते वर्ड किंवा मार्कडाउनमध्ये उतरवून घ्यायला हवं, किंवा टेकआउट करायला हवं.

बॅकअप घेतला की त्यातली एखादी नोट दुसऱ्याच्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

कायद्याचा आधार किती?

युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या डेटा संरक्षण नियमाच्या कलम २० नुसार आपला डेटा वापरण्याजोग्या रूपात मागून घेण्याचा आणि दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क आहे. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तो उपयोगी पडू शकतो. भारतात २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. पण २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो राहिला नाही. माहितीचा सारांश मागणं, दुरुस्ती आणि पुसून टाकणं असे हक्क त्या कायद्यात आहेत. म्हणजे इथे तुमच्या नोट्स बाहेर काढणं ही तुमचीच जबाबदारी.

गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या मजकुरासकट पुसलं जाऊ शकतं. घरातल्या एखाद्या दिवंगत माणसाच्या नोट्स त्याच्या खात्यात असतील तर हे लक्षात असू द्या. स्वतःच्या खात्यासाठी गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं ठरावीक महिने वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते त्यात आधीच ठरवता येतं.

जुनं खातं कधी बंद करायचं

लगेच नाही. पैसे भरून घेतलेली योजना असेल तर एक्स्पोर्ट, पडताळणी आणि निदान एक बॅकअप झाल्याशिवाय ती रद्द करू नका. काही ठिकाणी योजना संपली की जोडलेल्या मोठ्या फाइलींवर मर्यादा येतात. नूतनीकरणाच्या तारखेआधी महिनाभर कॅलेंडरमध्ये नोंद करून ठेवा. त्या महिन्यात नवीन काही जुन्या ॲपमध्ये लिहायचं नाही, फक्त शोधायला उघडायचं, आणि जे तिथे शोधावं लागलं ते नव्या ठिकाणी का सापडलं नाही ते बघायचं. महिनाभर उघडायची वेळच आली नाही, तर योजना रद्द करा, फुकट खातं तसंच राहू द्या आणि शेवटच्या एक्स्पोर्टची झिप इतर बॅकअपसोबत ठेवा.